नसलेलं दुखणं

"अभिनंदन," नवी डॉक्टर म्हणाली, आणि मी मूर्खासारखी थँक्यू म्हणून बसले. वयानं ती माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल. माझ्या दोन्ही हातांची बोटं तिनं एकेक करून दाबून पाहिली होती, मनगटं वाकवली होती, पायांचे चवडे दोन्ही बाजूंनी आवळले होते, आणि मी कुठंही हूं की चूं केलं नव्हतं. रक्ताचे आकडे चांगले होते. एक्स-रेमध्ये हाडं शाबूत होती. आजार शांत झालाय, असं ती म्हणाली. याला रेमिशन म्हणतात. तिथंच ती थांबली असती तर मी घरी जाऊन गाढ झोपले असते. पण ती फाईल मागं मागं उलटत गेली, पार सहा वर्षांपूर्वीच्या पहिल्या कागदापर्यंत, आणि तिथं बोट ठेवून तिनं विचारलं, "हे सुरू झालं तेव्हा घरात कुणी लहान मूल आजारी होतं का? ताप, गाल लालबुंद, अंगावर पुरळ, असं काही?" माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याचे गाल इतके लाल झाले होते की त्याच्या बाबांनी हौसेनं त्याचा फोटो काढला होता. मी तसं सांगितलं. "मग हा कदाचित संधिवात नसेलही," ती म्हणाली. "मुलांमधला तो ताप मोठ्यांना झाला, विशेषतः बायकांना, तर सांधे अगदी असेच सुजतात. दोन्ही हातांचे, सारखेच. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जातं." मी विचारलं, "कशानं जातं?" ती म्हणाली, "आपोआप."

मी तिला धरूनच ठेवलं. म्हणजे गोळ्यांनी बरं झालं नाही? झालंही असेल, ती म्हणाली. वाताच्या दोन तपासण्या असतात, त्यातली एक तुमची तेव्हाही निगेटिव्हच आली होती, दुसरी काठावर होती. असे रुग्णही असतात, आणि ते गोळ्यांनी बरे होतात. मग आता तपासा, मी म्हटलं. आता तपासून उपयोग नाही, कारण तो ताप पूर्वी कधीतरी येऊन गेला एवढंच कळेल, आणि तो बहुतेकांना कधी ना कधी येऊन गेलेलाच असतो. तेव्हाच रक्त तपासलं असतं तर. "मग कळणार कसं?" "तुमचा डोस कमी होतच आलाय. या शनिवारपासून बंद करू. दर महिन्याला रक्त बघू. परत आलं तर होतं." "आणि नाही आलं तर नव्हतं?" "तसंही म्हणता येणार नाही. काही जणांचा आजार गोळ्या बंद केल्यावरही शांत राहतो." "अहो, पण होतं की नव्हतं, एवढं तरी सांगा." तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं. "खरं सांगू? सांगता येणार नाही." ती खरं बोलत होती हे मला दिसत होतं, आणि त्याच क्षणी तिचं ते खरं बोलणं मला अजिबात सहन झालं नाही.

लिफ्ट समोर उघडी होती तरी मी जिन्यानं उतरले. चार मजले. कठड्याला हात न लावता, मुद्दाम पाय आपटत. सहा वर्षं मी जिना दिसला की आधी कठडा शोधत होते, तो कुठल्या बाजूला आहे, किती रुंद आहे, धरताना बोटं किती वळवावी लागतील. हा आजार मी घरात एखादा तापट म्हातारा असावा तसा सांभाळला होता. सकाळी डोळे उघडायच्या आधी त्याची चौकशी करायची. आज मूठ वळतेय का, आज मर्जी कशी आहे. तो झोपलेला असेल तर आवाज न करता उठायचं. त्याला थंड पाणी चालत नाही, त्याला पिळणं चालत नाही, त्याला पिशवी उचललेली चालत नाही. शनिवारी संध्याकाळी त्याच्या नावानं पिवळ्या गोळ्या गिळायच्या आणि रविवारभर मोरीत ओणवं होऊन ओकाऱ्या काढायच्या. तीनशेच्या वर रविवार. तोंड आलेलं, कंगव्यात केसांचे पुंजके, पोटात असं ढवळायचं की बाहेर कुणी अंडं फोडलं तरी मी दार लावून घ्यायचे. ते सगळं मी केलं, कारण समोरचा शत्रू खरा होता. आणि आता ही बाई मला सांगते की त्या खोलीत कदाचित कुणी राहतच नव्हतं. मी रिकाम्या खाटेची सेवा करत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मजा अशी की ती आग ज्याच्या अंगावर टाकावी असा माणूसच दिसेना.

नवऱ्याला सांगितलं तर तो मोठ्यानं हसला. "म्हणजे काही नव्हतंच? चला, सुटलो." तो वाईट माणूस नाही. सहा वर्षं त्यानं माझ्या ब्लाउजची हुकं लावली, कपडे पिळले, भाजी चिरली, आणि कधी बोलून दाखवलं नाही. पण त्या 'सुटलो'मध्ये मला एकदम कळलं की तो मनात रोज बोलत होता. त्यानं लगेच बहिणीला फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला. माझी नणंद म्हणाली, "मी तेव्हाच म्हणत होते वहिनी, या वयात कुठला संधिवात? तुम्ही उगीच धसका घेतलात." उगीच.  मग नवऱ्यानं फडताळातून जॅमची नवी बाटली काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "उघड बघू." जादूचा प्रयोग बघायला बसावं तसं त्याचं तोंड झालं होतं. मी झाकणाला हात घातला. जरा जोर लावल्यावर झाकण फट् करून निघालं. त्यानं टाळी वाजवली. मला ती बाटली भिंतीवर फोडावीशी वाटली, इतकी की मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. मुलगा जेवणाच्या टेबलाशी बसून हे सगळं पाहत होता. तो आता अकरा वर्षांचा आहे, माझ्या खांद्याला लागतो. त्यानं शांतपणे विचारलं, "म्हणजे तू मला उचलू शकली असतीस?"

नवरा म्हणाला, काहीही काय विचारतोस.  मुलगा पाच वर्षांचा असताना एके दिवशी दारातून धावत आला होता, हात वर करून, आणि मी माझे हात मागं घेतले होते. बाळा, आईच्या हातांना बाऊ झालाय. पुढचे कितीतरी दिवस तो हात वर करायचा आणि मग आपणच आठवून खाली घ्यायचा. त्यानंतर त्यानं हात वर करणंच सोडलं. ते त्यानं नेमकं कुठल्या दिवशी सोडलं ते मला माहीत नाही. मी नुसती सुटकेचा निःश्वास टाकून बसले होते की आता समजूतदार झाला. खरं दुखत असताना उचललं नाही, ते ठीक. पण कधीपर्यंत खरं दुखत होतं? पहिले चार महिने नक्की. त्यानंतर गोळ्यांनी कमी झालं की आपोआप, ते सोडा. पण कमी झालं होतं. दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी मी त्याला उचलून पाहिलं नाही. सांध्यांना जपा, असं कागदावर लिहिलेलं होतं, आणि मी आज्ञाधारक. माझ्या हातांनी त्याला पेललं असतं का हे मी कधी त्यांना विचारलंच नाही. आता विचारायचं कुणाला? अकरा वर्षांचं पोर उचलून कोण बघतं?

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडात मऊ लगदा दाबून माप घेतात, ते आमच्याकडं येतं, आम्ही त्यात प्लॅस्टर ओतून दाताचा साचा करतो आणि साच्यावर मेणानं नवा दात कोरतो. ज्याच्या तोंडासाठी आपण दात करतो तो माणूस आपल्याला कधीच दिसत नाही. आहे ते माप. आजारपणाच्या आधी मी मेणाच्या टेबलावर होते, आणि मी कोरलेल्या पुढच्या दातांना मालक स्वतः भिंग लावून बघायचे आणि काही न बोलता पाठवून द्यायचे, ही त्यांची शाबासकी. मग बोटं सुजली. मला दाराशी बसवलं, आलेली मापं तपासायला आणि चिठ्ठ्या लिहायला. माझ्या खुर्चीवर दुसरी आली. मालकांना मी खबर सांगितली तेव्हा ते म्हणाले, "मग ये की टेबलावर. उद्यापासून ये." जणू मी मधली सहा वर्षं सुट्टीवर होते.

टेबलावर बसले आणि हात चालू लागले. हाच तर संताप. पहिल्या तासाला जरा अडखळले, पण दुपारपर्यंत मेण माझं ऐकायला लागलं. दिव्यावर पातं तापवायचं, थेंब उचलायचा, टेकवायचा, तो गोठायच्या आत त्याला उतार द्यायचा. बोटांना सगळं आठवत होतं. शेजारचे प्लॅस्टरमामा, ज्यांना आम्ही सगळे हेच म्हणतो कारण त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्यात, मान वाकडी करून म्हणाले, "तुझे हात कुठं गेले होते गं इतके दिवस?" ते कौतुकानं म्हणाले. मला मात्र ते लागलं. हे हात जर आज इतके चांगले आहेत तर ते काल एका रात्रीत चांगले झालेले नाहीत. किती वर्षं मी चांगल्या हातांनी चिठ्ठ्या लिहिल्या? सूज आली तर बरं, असा विचार तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आला. मी त्याला लगेच झटकलं नाही. मधलं बोट जरा फुगावं, उद्या सकाळी मूठ वळू नये, म्हणजे मी नवऱ्याच्या आणि नणंदेच्या तोंडावर ती नेऊन धरेन: घ्या. मी सबंध आठवडा रोज सकाळी हात उघडून मिटून पाहत होते, आणि काही झालेलं नाही हे कळल्यावर माझी निराशा होत होती. असली निराशा कुणाला सांगायचीही सोय नाही.

त्याच आठवड्यात मी ती चूक केली. मापात हवेचा बुडबुडा राहिला तर साच्यावर प्लॅस्टरचा एक बारीक दाणा उठतो. तो खोटा असतो. पात्यानं खरवडून टाकायचा, शिकाऊ माणूससुद्धा हे पहिल्या दिवशी शिकतो. एका दाढेच्या साच्यावर मला तसा दाणा दिसला, मी तो खरवडला, वर सुरेख कॅप कोरली, ती घडून डॉक्टरांकडं गेली. तिसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला की कॅप बसतच नाही. दाणा खरा होता. त्या माणसाच्या दाताला तसाच उंचवटा होता, आणि मी तो बुडबुडा समजून काढून टाकला. साच्यावर माझी कॅप चपखल बसत होती. तोंडात ती उपरी होती. डॉक्टर चिडले होते, रोगी पुन्हा सुट्टी काढून आला होता. मी माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, "पुन्हा माप घ्या की. तोंड तिथंच आहे ना अजून?"  मालकांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि नंतर मला विचारलं, तुला झालंय काय? मी काय सांगणार. की त्या रोग्याचा मला हेवा वाटला. त्याचा दात अजून जागेवर होता. उद्या पुन्हा लगदा दाबा, नवं माप मिळेल. माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या सुजलेल्या हातांचं माप आता कोण घेणार? ते एकदाच घेतलं गेलं होतं, एका म्हाताऱ्या डॉक्टरानं, आणि त्यावर त्यानं अख्खा आजार कोरून ठेवला, अगदी चपखल. दाराशी बसून मापं तपासायला त्याच्याकडं कुणी नव्हतं. त्या दुपारी मला कळलं की माझा राग कुणावर आहे, आणि मला फार बरं वाटलं.

शनिवारी दुपारी मी त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडं गेले. पर्समध्ये संध्याकाळच्या गोळ्या होत्या, सवयीनं ठेवलेल्या. बंद करायच्या की घ्यायच्या हे मी ठरवलेलं नव्हतं; कुणाच्या सांगण्यावरून ठरवायचं हाच तर प्रश्न होता. मोठ्या इस्पितळातून ते निवृत्त झाले होते आणि आता राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दोन तास बसत. त्यांनी मला ओळखलं नाही, पण नाव सांगितल्यावर उठले आणि कपाटातून माझं कार्ड शोधून काढलं. ते पहिल्यापासून सगळं कार्डावर स्वतःच्या हातानं लिहीत आणि कार्डं स्वतःजवळच ठेवत. मग माझे हात बघून ते हरखले. "वा. छान राहिलेत हात. एकही बोट वाकडं नाही." जणू त्यांनीच घडवून पाठवले होते. मी सगळं एका दमात सांगितलं. मुलाचे लाल गाल, तो ताप, तपासायचं राहिलेलं रक्त, रविवार. "तुम्ही विचारलं का नाहीत? घरात मूल आजारी होतं का, एवढं एक वाक्य. ते विचारायला तुमचं काय जात होतं?" माझा आवाज चढला होता. आतल्या खोलीत कुणीतरी रेडिओ बंद केला.

ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "राहिलं." मग कार्ड डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी वाचून दाखवलं: तीन महिने साधी औषधं घेऊन थांबावं असं सुचवलं. रुग्ण थांबायला तयार नाही. आजाराचं नाव सांगा, असं पुन्हा पुन्हा म्हणते. मी म्हटलं, मी असं काही म्हणाले नव्हते. आणि म्हणतानाच मला इस्पितळातली ती खोली आठवली, ते हिरवं पार्टिशन, आणि माझा आवाज. नाव सांगा हो. काहीतरी नाव असेल ना याला. सहा आठवडे मी सकाळी दात घासू शकत नव्हते, आणि मालक म्हणत होते तुझं कामात मन नाही, आणि नवरा म्हणत होता झोप नीट घे, आणि नणंद म्हणत होती आम्हीही मुलं वाढवली बरं का. हातातून कप पडला की सगळे आधी कपाकडं बघत. मला नाव हवं होतं, कारण नावाशिवाय माझं दुखणं म्हणजे नुसते नखरे होते. आणि ज्या दिवशी मी नाव घेऊन घरी गेले त्या दिवशी घर सुतासारखं सरळ झालं. मालकांनी खुर्ची बदलली. नणंदेनं फोन करून स्वतःहून विचारलं. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या संध्याकाळी मी आजारी असून खूश होते.

"म्हणजे माझीच चूक," मी म्हटलं. "म्हणजे मीच मागून घेतलं. बरं झालं, एवढंच ऐकायचं राहिलं होतं." ते म्हणाले, "नाही. तुम्ही मागितलंत. लिहून मी दिलं. खाली सही माझी आहे." मग त्यांनी हात पुढं केला. "दाखवा." मी हात दिला. त्यांनी अंगठ्यानं पहिला सांधा दाबला, दुसरा दाबला. "इथं दुखतं?" दुखत नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत म्हटलं, "हो." मला बघायचंच होतं. ते कपाळाला आठी घालतात का, ओठ मुरडतात का, नवऱ्यासारखं 'झोप नीट घे' म्हणतात का. त्यांनी यातलं काही केलं नाही. अंगठा लगेच उचलला, माझा हात टेबलावर हलकेच ठेवला, अगदी ठेच लागलेल्या पोराला खाली बसवावं तसा, आणि पेनचं टोपण काढलं. "कधीपासून?" त्यांनी कार्ड पुढं ओढलं. "सकाळी जास्त असतं का?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही मला राग आला. मी भांडायला आले होते. या माणसानं विचारायचं ते विचारलं नव्हतं, थांबायचं तिथं थांबला नव्हता, माझे तीनशे रविवार कदाचित याच्या एका ओळीत गेले होते. आणि सबंध जगात दुखतं म्हटल्यावर दुखतं असं धरून चालणारा तेव्हा हा एकच होता. मी म्हटलं, "खोटं बोलले मी. नाही दुखत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं."

"पण तेव्हा दुखत होतं."

"ते तुम्ही मला सांगायला नको. तुमचा हात माझ्या हातात होता. एकेक बोट केळ्याएवढं झालं होतं."

"मग तेवढं लिहा," मी म्हटलं. "घरी म्हणतात काही नव्हतंच. नवी डॉक्टर म्हणते सांगता येणार नाही. मला सगळं सांगू नका, तुम्हाला माहीत आहे तेवढंच लिहा."

 मग कार्डावरची सहा वर्षांपूर्वीची ओळ, तिच्यात ते एकच मोठं नाव होतं, त्यांनी एका रेघेनं खोडली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: निदान नक्की नाही. रुग्णाचे हात दुखत होते, हे मी स्वतः पाहिलं आहे. मी ते दोनदा वाचलं. राग गेला नव्हता. तो कुठं जाणार, मुलगा अकरा वर्षांचा झालेला होता आणि मेणाच्या टेबलावर माझी सहा वर्षं कुणी ठेवून जाणार नव्हतं.  पण मी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून, आजपासून बंद म्हणून, त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "सही राहिली." त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि कार्ड माझ्या हातात दिलं.